शब्दचर्चा : फिनॉमिनॉलॉजी, आणि ‘अंग’ की ‘शरीर’?

प्रश्न :
नर्सिंगच्या एमएस्सीचा प्रबंध लिहितेय. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्या काही जणांच्या मुलाखती घेतल्यात, पद्धत फिनॉमिनॉलॉजीची, म्हणजे माणसाला एखादी गोष्ट आतून कशी जाणवते त्याचा अभ्यास. गोषवारा मराठीतही हवा. ‘घटनाशास्त्र’ लिहिलं तर आमच्या मॅडम म्हणाल्या, अपघात विभागाचा अहवाल वाटतोय. ‘प्रतिभासशास्त्र’ चालेल का?

उत्तर १ :
प्रतिभास नको. ग्रीक ‘फायनोमेनॉन’ म्हणजे जे दिसतं, प्रकट होतं ते. तेवढ्यापुरता ‘भास्’ धातू बसतो. पण प्रतिभास म्हटलं की आपल्याला दोरीच्या जागी भासणारा साप आठवतो. तुमची पेशंट म्हणणार, ‘पायाखाली कापूस असल्यागत वाटतं’, आणि तुम्ही तिला भास झाला म्हणणार? फिनॉमिनॉलॉजीचा पाया घालणारा जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल, त्याचं सांगणं नेमकं उलटं : जे जसं जाणवतं ते आधी तसंच नीट पाहा, खरं-खोटं नंतर. मी ‘अनुभवमीमांसा’ लिहीन. तत्त्वज्ञानवाले नाक मुरडतील, कारण हुसर्लला एकेकाचा अनुभव नव्हे, अनुभवाची घडण हवी होती. मुरडू देत. गोषवारा त्यांच्यासाठी नाही.

प्रश्नकर्ती :
आणि ‘संशोधिकेने आपले पूर्वग्रह दूर करून मुलाखती घेतल्या’ हे ठीक ना?

उत्तर २ :
‘दूर करून’ काढा. हुसर्ल मूळचा गणिती, १८८३ची डॉक्टरेटसुद्धा गणितातली. त्याचा शब्द ‘कंसात ठेवणं’. कंसातलं पद पुसलं जात नाही, तिथंच असतं. न्यूरोपॅथी (मज्जातंतूंचा बिघाड) म्हणजे काय हे तुम्ही विसरायचं नाहीये. समोरचा बोलत असताना त्या माहितीनं मध्ये तोंड घालायचं नाही, एवढंच. पुढे जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनं १९२७मध्ये वेगळी वाट धरली : माणूस आधीच जगात गुंतलेला असतो, अर्थ लावल्याशिवाय त्याला काही दिसतच नाही. म्हणून तुमचा अभ्यास वर्णनाचा की अर्थ लावण्याचा, ते एका ओळीत सांगून टाका. पुष्कळ प्रबंधांत दोन्हींची खिचडी असते.

प्रश्नकर्ती :
वर्णनाचाच. एक काका म्हणाले, ‘चप्पल कुठं निसटली कळलंच नाही. घरी आल्यावर सून म्हणाली, बाबा, एकच चप्पल?’ यावर मी लिहिलंय, ‘रुग्णाचा शरीराशी असलेला संबंध बदलतो.’

उत्तर १ :
‘शरीरा’पाशी थांबा जरा. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. ‘क्योर्पर’ म्हणजे वजन करता येतं, एक्सरे काढता येतो ते. ‘लाइब’ म्हणजे आपण आतून जगतो ते. मराठीत ही सोय आहे, आपलं लक्ष नसतं एवढंच. अंग कसकसतं, अंग मोडून येतं, अंग जड होतं. शरीर कसकसतंय असं कुणी म्हणतं का? तपासणी शरीराची, कणकण मात्र अंगात. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँतीनं १९४५च्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचं उदाहरण दिलंय : सवयीनं काठी वस्तू राहत नाही, तिच्या टोकाशी स्पर्श कळू लागतो. काकांचं उलटं झालंय, पायाचीच काठी झालीय, आणि तीही मुकी. पाय अंगातून निघून शरीरात गेला म्हणा ना.

उत्तर ३ :
अंग सुरेखच, पण आमच्या प्रसूती वॉर्डात ‘अंग बाहेर येतंय’ म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय. वाक्यरचना जपून करा, बाई!

उत्तर २ :
मुलाखतींतल्या कळ, ठणका, चमक, चुरचुर, मुंग्या या सगळ्यांची ‘वेदना’ करून टाकली नाहीत ना?

प्रश्नकर्ती :
केलीय. कोडिंगला, म्हणजे बोलण्याचे गट पाडून त्यांना नावं द्यायला, सोपं जातं म्हणून. आता रेकॉर्डिंग परत ऐकते. शीर्षकात फिनॉमिनॉलॉजीच ठेवेन, खाली ‘पाय परका होण्याचा अनुभव’.

उत्तर १ :
‘परका’ शब्द तुमचा की त्यांचा?

प्रश्नकर्ती :
माझाच. एक आजी म्हणाल्या होत्या, ‘पाव्हण्यासारखा आलाय मेला. काही विचारलं तर बोलत नाही.’