बारा दिवसांच्या अमेरिका सहलीतले दोन दिवस वडिलांच्या मित्रासाठी द्यावेत का?

गिरगावकर
मे महिन्यात आम्ही चौघं अमेरिकेला चाललोय. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, सगळं बारा दिवसांत. न्यू जर्सीत एडिसनला आमचे एक काका-काकू असतात. रक्ताचं नातं नाही, चाळीतली शेजारची खोली त्यांची. काका १९७१ ला अमेरिकेला गेले. तेव्हा बाहेर जाणाऱ्याला सरकार आठ डॉलर द्यायचं, तेवढेच खिशात. सहारचं टर्मिनल तेव्हा नव्हतं, सांताक्रूझलाच जायचं, आणि आमचा अख्खा मजला टेम्पो करून पोचवायला गेला होता असं आई सांगते. वडील गेले तेव्हा परदेशातून पहिला फोन काकांचाच आला.

आई म्हणते, दोन रात्री तिथे राहायलाच हवं. बायकोचं म्हणणं, त्यासाठी वॉशिंग्टन सोडावं लागेल आणि मुलांनी त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मला दोघींचंही पटतंय. काय करू?

अंधेरी_पूर्व
राहू नका. मैत्री वडिलांची होती. तुम्ही वर्षभर पैसे साठवून मुलांना जग दाखवायला नेताय, तर तेच दाखवा. व्हिडिओ कॉल करा, मनापासून तासभर बोला. ऐंशीच्या घरातल्या माणसांकडे दोन रात्री अवघडून बसायचं, मुलांना गप्प बसवायचं, यात कोणाला आनंद आहे?

लंडनवासी_डोंबिवलीकर
मी दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे ज्याच्याकडे पाहुणे येतात तो. तुमच्याकडे मेमध्ये शाळांना सुट्टी, आमच्या मुलांच्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू. आम्ही दोघं नोकरीला. हीथ्रोच्या आतूनच पिकॅडिली लाइनची ट्रेन मिळते, तरी मध्यरात्री "घ्यायला येशील ना?" आणि वर घरात बाथरूम एकच.

माणसं नको आहेत असं नाही हो. कोणी येणार म्हटलं की बायको आठवडाभर आधी चकल्या करायला घेते. पण मुंबईत भांडी-लादीला बाई असते, इथे नसते. ऐंशीच्या काकू चार जणांच्या चादरी धुणार, दोन वेळचा स्वयंपाक करणार आणि तोंडावर "काही त्रास नाही" म्हणणार. हॉटेल फुकटात वाचतं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका.

दादरची
गिरगावकर, एक विचारते. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अमेरिकेतला संपर्क म्हणून कोणाचं नाव दिलंत?

गिरगावकर
काकांचं.

दादरची
मग कागदावर जो तुमचा तिथला माणूस, त्याच्या दारावरून पुढे कसे जाल?

२०१६ मध्ये आम्ही टोरांटोला बाबांच्या कॉलेजातल्या मित्राकडे गेलो होतो. मीही नाखुशीनेच गेले. दुसऱ्या रात्री त्यांनी बेसमेंटमधून बुटाचा एक खोका आणला. त्यात कॅसेट होत्या. ट्रंक कॉल महाग, म्हणून तेव्हा घरोघरी टेपवर बोलून कॅसेट धाडायचे. १९८२ च्या एका कॅसेटवर माझी आजी पुरणपोळीत किती जायफळ घालायचं ते सांगतेय, मागून बाबा ओरडतायत, "आई, टेप संपेल!" आजीचा आवाज आमच्या घरी कोणाकडेच नव्हता. तो टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या त्या खोक्यात चौतीस वर्षं पडून होता. हे व्हिडिओ कॉलवर कसं मिळणार? त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं, आम्ही समोर बसलो म्हणून ते शोधायला उठले.

अंधेरी_पूर्व
ताई, वाचून डोळे भरले. पण मला काय मिळालं तेही सांगते. वडिलांचे मित्र, शहर सांगत नाही. तीन दिवस त्यांच्याकडे राहिलो. माझा पगार किती, मूल का नाही, कोणत्या डॉक्टरकडे जाता. नवरा बाहेर बागेत जाऊन उभा राहायचा. परत आल्यावर बाबांना काही सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. आईवडिलांच्या मैत्रीसाठी मुलांनी असं सोसावं असं मला आजही वाटत नाही.

बोरिवलीकर
नकाशा बघितला का कोणी? वॉशिंग्टन सोडायची गरजच नाही. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून वॉशिंग्टनला जाणारी रेल्वे एडिसनवरूनच जाते. पेन स्टेशन ते एडिसन लोकलने तासाभराच्या आत. पुढे जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनला अ‍ॅमट्रॅकच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, बऱ्याच गाड्या थांबतात, त्या थेट वॉशिंग्टन. वाटेवरचं घर आहे हो, वळसा कसला! एक रात्र राहा. संध्याकाळच्या आत पोचा, या वयात काकांना अंधारात गाडी काढायला लावू नका. दुपारी ओक ट्री रोडवर सगळ्यांना जेवायला न्या, म्हणजे काकूंना ओट्याशी उभं राहावं लागणार नाही.

लंडनवासी_डोंबिवलीकर
हे पटलं. शक्य असेल तर झोपायला जवळचं हॉटेल घ्या.

दादरची
हॉटेल नको. ज्यांना मजल्यावरच्या सगळ्यांनी पोचवलं, त्यांच्या दारात येऊन रात्री हॉटेलात जायचं? चादरी तुम्ही घाला, सकाळी तुम्ही धुवायला टाका.

गिरगावकर
काल रात्री काकांना फोन केला, आठच्या सुमारास, तिकडे सकाळ. येतोय म्हटल्यावर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कितीची गाडी?" हॉटेलचा विषय माझ्याने काढवला नाही. दोन नाही, एक रात्र ठरली, बायकोही तयार आहे.

काय आणू विचारलं. वाटलं, मसाला, भाजणी सांगतील. म्हणाले, तिकडे सगळं मिळतं. आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे, खोल्या रिकाम्या होतायत, हे त्यांना आईकडून कळलेलं. त्यांच्या खोलीच्या दारावर नंबराची पत्र्याची पाटी आहे, ती निघेल का, असं विचारत होते. त्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे, मी आजच बोललो, ते हो म्हणाले. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातो.

अंधेरी_पूर्व
पत्र्याला धार असते. वर्तमानपत्रात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको. आणि स्क्रूसुद्धा न्या.