मदत हवी आहे: बी.एस्सी. फिजिक्सनंतर हवामान संशोधनात शिरायचं कसं?

सातारकर_मामा: भाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हवामान खात्याची परीक्षा द्यावी की पीएचडीच्या वाटेला लागावं? कोडिंग किती लागतं?

मान्सूनवेडा: आधी फरक समजून घ्या. हवामान खात्यातला सायंटिफिक असिस्टंट मुख्यतः नोंदी, निरीक्षणं आणि अंदाजाच्या कामाला असतो. स्टाफ सिलेक्शनची ती भरती दरवर्षी निघत नाही (२०१७, मग थेट २०२२), त्यामुळे तिच्यासाठी वर्ष वाया घालवू नका. निघाली की फॉर्म भरावा, बस्स.

संशोधनासाठी एम.एस्सी. हवीच. पुणे विद्यापीठात किंवा कोचीनला ॲटमॉस्फेरिक सायन्स करा, नाहीतर साधं फिजिक्सही चालतं. पुढे नेट (संशोधनवृत्तीसाठीची सीएसआयआरची परीक्षा), विषय अर्थ सायन्सेस. त्यातला 'सी' भाग आपापल्या विषयाचा, पण 'बी' भाग सगळ्यांना सारखाच. त्यात खडक-खनिजं येतात आणि फिजिक्सवाले नेमके तिथेच गुण घालवतात. जेआरएफ (म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं, पुढे ४२,०००. गेट ही दुसरी प्रवेश परीक्षा द्यायची तर तिच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये ॲटमॉस्फेरिक अँड ओशनिक सायन्सेस हा विभाग आहे, मात्र इंजिनिअरिंग मॅथ्स सक्तीचं.

पीएचडीनंतरचंही आताच सांगतो. पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), मग बहुधा कंत्राटी प्रोजेक्ट सायंटिस्ट. कायम पदं मोजकी असतात. घरच्यांनी हे आधीच ऐकलेलं बरं.

ग्रिडपॉइंट: कोडिंगबद्दल. लिनक्स, पायथॉन आणि त्यातलं एक्सअरे (अशा डेटासाठीची लायब्ररी) एवढ्यावर सुरुवात होते. कोर्स लावण्यापेक्षा एक काम करायला द्या: हवामान खात्याचा ०.२५ अंशांच्या चौकोनांत मांडलेला रोजचा पाऊस आणि ईआरए५ (निरीक्षणं आणि मॉडेल जोडून बनवलेला युरोपचा जागतिक हवामान डेटा) यांची एका मोसमाची तुलना.

सातारकर_मामा: डेटा विकत घ्यावा लागतो का?

ग्रिडपॉइंट: नाही. पहिला हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या साइटवर, दुसरा कोपर्निकस या युरोपीय साइटवर नाव नोंदवून, दोन्ही फुकट. चुका कुठे होतात ते सांगतो. खात्याच्या बायनरी फाइलमध्ये -९९९ म्हणजे नोंद नाही. ते न काढता सरासरी घेतली की पाऊस उणे येतो. ईआरए५ मीटरमध्ये असतो, १००० ने गुणा.

खरी गोची दिवसाची. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ३ वाजता. ईआरए५मध्ये प्रत्येक वेळेपुढे आधीच्या तासाचा पाऊस असतो. म्हणून आदल्या दिवशीच्या ४ पासून त्या दिवशीच्या ३ पर्यंतचे २४ आकडे मिळवायचे. ०० ते २३ मिळवले तर पाऊस भलत्याच तारखेला पडलेला दिसतो, आणि दोष बिचाऱ्या मॉडेलवर जातो.

हे जमलं की महाबळेश्वर आणि वाई पाहायला सांगा. दोघांच्या पावसात प्रचंड फरक, पण ०.२५ अंशांच्या, म्हणजे साधारण २८ किलोमीटरच्या चौकोनात तो बराचसा पुसला जातो. किती पुसला गेला याचा नकाशा काढला, तर एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय तयार.

सातारकर_मामा: वाईत त्याची आत्याच राहते! आजच बसवतो.