२ रॅम स्लॉटवाला झेड७९० बोर्ड इंदूरच्या गरमीत घ्यावा का?

माळव्याचा_टिंकर:
नमस्कार मंडळी, मी राजेंद्र नगरला राहतो. मशीन आहे इंटेलचा आय७-१४७००के प्रोसेसर, साधा ४ रॅम स्लॉटवाला झेड७९० मदरबोर्ड, ३६० एमएमचा लिक्विड कूलर आणि डीडीआर५ रॅमची ७२०० स्पीडची १६-१६ जीबीची जोडी, आतल्या चिप हायनिक्सच्या ए-डाय. डिसेंबरात ७२०० वर टायमिंग (रॅम किती झटपट उत्तर देते ते आकडे) घट्ट करून ठेवले होते, तेव्हा रात्रभर टेस्ट पास, आता मे लागला तर दुपारी गेम आपोआप बंद होतोय. ७६०० तर लावताच एरर. सिल्व्हर मॉलमध्ये एकाकडे असूसचा मॅक्सिमस झेड७९० अपेक्स आहे, २ रॅम स्लॉटवाला, वापरलेला, पण तरीही माझ्या बोर्डाच्या नव्या किमतीपेक्षा महाग. दुकानवाले म्हणतात २४ पॉवर स्टेज (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आहेत, प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झ आरामात वर जाईल. खरंच जाईल का? आणि पैसे देण्याआधी काय काय बघू?

रॅमवेडा:
पॉवर स्टेज मोजून बोर्ड घेऊ नको भावा, हिशोब करून बघ. तुझ्या प्रोसेसरची इंटेलची लिमिट २५३ वॅट, १.२ व्होल्ट धरला तर साधारण २१० अँपिअर झाले. ते २४ मध्ये वाटले तर एकेकाला ९ सुद्धा येत नाहीत आणि त्या बोर्डावरची प्रत्येक स्टेज १०५ अँपिअरची आहे. ही तयारी लिक्विड नायट्रोजनवाल्यांसाठी असते, उणे १९६ डिग्रीवर प्रोसेसर ठेवून वेडेवाकडे व्होल्ट देतात त्यांच्यासाठी. आपल्याकडे खोलीतच ३६-३७ असतं दुपारी, तुझा प्रोसेसर आधी १०० डिग्रीला जाऊन अडकेल, बोर्ड नाही. आत्ताच्या बोर्डाचं व्हीआरएमचं, म्हणजे या पॉवर स्टेजवाल्या भागाचं टेंपरेचर लोडवर बघ, ९० च्या आत असेल तर त्या बाबतीत नवीन बोर्ड काही देणार नाही.

पण रॅमचं वेगळं आहे आणि अपेक्सचा खरा जीव तिथेच आहे. ४ स्लॉटच्या बोर्डात २ रिकामे स्लॉट पण त्याच तारेवर लटकलेले असतात, सिग्नल तिथे जाऊन आपटून परत येतो, स्पीड वाढवला की हा गोंधळ नडतो. २ च स्लॉट ठेवले की तार छोटी आणि सरळ, म्हणून असे बोर्ड ८००० च्या आसपास जातात. शिवाय रॅम ट्रेनिंग (चालू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) फेल झालं तर रीट्राय आणि सेफ बूटची वेगळी बटणं आहेत, सेल काढून बायोस रीसेट करत बसावं लागत नाही. ज्याला रोज रात्री टायमिंगशी खेळायचंय त्याच्यासाठी ही बटणं २४ स्टेजपेक्षा जास्त कामाची, हे मी अगदी मनापासून सांगतो.

नौतपावाले_काका:
बाळा, बोर्ड बदलायच्या आधी रॅमचं टेंपरेचर बघ. माझ्याकडे २ स्लॉटवालाच बोर्ड आहे आणि मी जानेवारीत ८००० पक्कं केलं होतं, नौतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि तिसऱ्या दिवशी एडिटिंग चालू असताना मशीन बंद, प्रोजेक्टची फाईल खराब. पूर्ण आठवड्याचं काम होतं, फार वाईट वाटलं. कारण असं की रॅम गरम झाली की तिच्या बारीक खणांमधला चार्ज लवकर गळतो, तो पुन्हा भरणं म्हणजे रिफ्रेश, आणि मी टीरेफी (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ६५५३५ करून ठेवला होता, म्हणजे रिफ्रेश उशिरा उशिरा. थंडीत चालतं, ५५ च्या वर एरर यायला लागतात. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप रॅमच्या पट्टीवरच असते, ती गरम, वरून ग्राफिक कार्डची गरम हवा. मी रॅमवर एक छोटा पंखा लावला, टीरेफी ३२७६७ केला, तेव्हापासून शांत आहे. सेटिंग नेहमी दुपारी तीनला टेस्ट करायची, रात्री नाही.

पिन_तपासनीस:
वापरलेला घेताय तर सॉकेटच्या पिना मोबाईलच्या टॉर्चने तिरप्या उजेडात बघा, एक जरी वाकलेली असेल तरी एक मेमरी चॅनल (प्रोसेसर ते रॅमचा एक रस्ता) जाऊ शकतो. सॉकेटच्या भोवती आणि रॅम स्लॉटच्या फटीत व्हॅसलीनचा चिकटपणा दिसला तर समजा बोर्ड नायट्रोजनवर चाललाय, ओल येऊ नये म्हणून लावतात. दोन्ही स्लॉट भरून चालू करून दाखवायला सांगा, तुमचीच रॅम न्या. आणि हो, अपेक्सवर डिस्प्लेचं पोर्टच नाही, ग्राफिक कार्ड रिपेअरला गेलं तर मशीन बंद.
अजून एक, बायोस ०एक्स१२बी मायक्रोकोडवाला (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्तीचा कोड) किंवा त्यानंतरचाच टाका. १३व्या-१४व्या पिढीत जास्त व्होल्टेजने प्रोसेसर आतून कमजोर व्हायचे, त्यावर इंटेलने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हा मायक्रोकोड आणला आणि वॉरंटी पण २ वर्ष वाढवली. जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) म्हणजे १४७००के ची माती.

माळव्याचा_टिंकर:
काका, तुम्ही म्हणाला तसंच निघालं! दुपारी रॅम ५९ दाखवत होती. जुन्या केसचा पंखा बांधला, टीरेफी अर्धा केला, आता ४७ आणि ७२०० वर चार तास एकही एरर नाही. ७६०० मात्र पंखा लावून पण वीसेक मिनिटात फेल, म्हणजे तिथे बोर्डच आडवा येतोय असं वाटतं. व्हीआरएम ७१ वर होता, तो विषय संपला. शनिवारी माझी रॅम घेऊन जातोय, दुकानवाले समोर लावून दाखवायला तयार झाले. तिथे ७६०० एक तास चालली तरच घेणार.

रॅमवेडा:
एक तास कमी आहे, दोन मागून घे. आणि नवीन बायोसची फाईल पेनड्राइव्हवर घेऊन जा, आधी ती टाक आणि मगच टेस्ट लाव.