दिवाळीच्या तोंडावर साडीच्या दुकानातली नोकरी सोडू का?

औसेकर

नमस्कार. मी पुण्यात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. कॉलेज सकाळचं, साडेअकराला सुटतं. बारा ते रात्री नऊ लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरला असते. पगार अकरा हजार. आता सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात जागा निघाली आहे. वेळ दुपारी एक ते सहा, पगार सहा हजार. त्यांनी बोलावून माझ्याकडून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्या नोंदी करून घेतल्या आणि "एक तारखेपासून या" म्हणाले.

साड्यांचा मला कंटाळा नाही. भारी साडीची घडी घालताना काठ आत घ्यायचा, दर वेळी त्याच रेषेवर मोडायची नाही, नाहीतर जरीची तार तिथेच तुटते, हे तिथल्या एका मावशींनी मला शेजारी उभं करून शिकवलं. ते काम मी मनापासून करते. नको वाटतं ते बाकीचं. दुकान रिकामं असलं तरी बसायचं नाही, म्हणे रस्त्यावरून दिसतं. पन्नास साड्या उघडून गिऱ्हाईक काही न घेता उठलं, की "का सोडलं?" म्हणून मॅनेजर सगळ्यांदेखत आवाज चढवतात. रात्री खोलीवर आले की पोटऱ्या दुखत असतात. कॉस्टिंगचं पुस्तक उघडते आणि त्यावरच डोळा लागतो.

पण खर्च डोळ्यांसमोर आहे. खोलीतल्या कॉटचं भाडं साडेतीन हजार, डब्याचे तीन हजार, वर बसपास, फोन, झेरॉक्स. उरतात ते घरी पाठवते. भाऊ बारावीला आहे आणि सोयाबीन बाजारात जाईपर्यंत बाबांकडे मागायला जीभ रेटत नाही. त्यात सुरुवातीचा पंधरा दिवसांचा पगार मालकांनी ठेवून घेतलाय, सोडताना देऊ म्हणतात. दिवाळीला एक पगार बोनस मिळतो असं जुन्या मुली सांगतात, आणि आमची सेमिस्टर परीक्षाही त्याच सुमारास आहे. काय करू?

आर्टिकल_नारायण_पेठ

मी सीएची मधली परीक्षा, इंटर, पास होऊन आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या हाताखालचं प्रशिक्षण, करतोय, म्हणून ऑफिसची बाजू सांगतो. आधी एक हिशेब कर. दुकानात नऊ तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २३४ तास, म्हणजे तासाला ४७ रुपये. ऑफिसात पाच तास, १३० तास, तासाला ४६. दर सारखाच आहे. सहा हजार ऐकायला कमी वाटतात, पण प्रश्न एवढाच आहे की रोजचे चार तास पाच हजारांना द्यायचे की स्वतःकडे ठेवायचे. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलीने ते ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

काम सुरुवातीला रटाळ वाटेल. खरेदी-विक्रीची बिलं चढवायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं. जीएसटीची दोन रिटर्न दर महिन्याला भरायची असतात, जीएसटीआर-१ ची तारीख ११, ३बी ची २०, त्यामुळे त्याआधीचे दोन-तीन दिवस सहाला सुटका होत नाही. जुलैत आयकराची रिटर्न आणि सप्टेंबरात ऑडिट असतं, तेव्हाही धावपळ. हे त्यांना आत्ताच विचारून घे. पण कॉलेजात जे फळ्यावर शिकतेस ते इथे खऱ्या वहीत दिसतं. पुढे सीए करायचं मनात असेल तर बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरला नोंदणी होते. रात्री पुस्तकावर डोळा लागत राहिला तर ते ५५ टक्के कुठून येणार?

वऱ्हाडी_अमोल

दोन्ही सोड ना. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव घाल. बारावी पासला महिन्याला ६,००० मिळतात, माझ्या चुलतभावाला मिळाले.

आर्टिकल_नारायण_पेठ

अमोलभाऊ, २०२४ च्या त्या योजनेत शिक्षण चालू असलेल्यांना घेत नाहीत. पदवीनंतर तिचा विचार करता येईल. त्यापेक्षा औसेकर, तुझ्या कॉलेजात कमवा व शिका योजना आहे का ते बघ. साडेअकराला सुटतेस आणि ऑफिस एकला. मधला तासभर लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं तर डब्याच्या पैशांना हातभार लागेल. घरी पाठवायचे पैसे त्यातून निघणार नाहीत, हे मात्र धरून चाल.

शनिवारपेठेतली_काकू

बाळा, मी कापडाच्या दुकानात काउंटरला उभं राहूनच संसार केला. त्यामुळे पोटऱ्यांचं जे लिहिलंस ते वाचून जीव कळवळला. माझ्या पायांच्या शिरा आता दोरीसारख्या वर आल्यात, डॉक्टर म्हणतात सतत उभं राहून. विशीत ते कळत नाही. केरळात २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा झाला, केरळात तर तो विक्रेत्या बायकांनी भांडून मिळवला. तेव्हा बसायला मागणं म्हणजे कामचुकारपणा नाही, हे मनात पक्कं ठेव.

आणखी एक. दिवाळीच्या आधी दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, मुलींना दहा-दहा वाजतात. आपल्याकडच्या २०१७ च्या दुकानांच्या कायद्यात बाईला रात्री साडेनऊनंतर तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही. थांबवलं तर सुरक्षितपणे घरी पोचवायची जबाबदारी मालकाची. दिवाळीपर्यंत राहायचं ठरवलंस तर हे पहिल्या दिवशीच शांतपणे बोलून घे. एकटी बोलू नकोस, त्या मावशींना सोबत घे. घडी शिकवणारी बाई तुझ्या बाजूने उभी राहील.

आणि अडकलेल्या पंधरा दिवसांपायी अडकून पडू नकोस. ते पैसे तुझ्या कष्टाचे आहेत, मालकांनी बक्षीस म्हणून ठेवलेले नाहीत.

पगारपत्रक

मी लेबर कन्सल्टंटकडे काम करतो. दुकानात किती माणसं आहेत? आणि तू कधीपासून आहेस?

औसेकर

दोन मजल्यांवर मिळून तीसेक जण. मी गेल्या डिसेंबरपासून. पगार बँकेत येतो.

पगारपत्रक

मग बोनस ही मालकांची मेहेरबानी नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, हिशेबाच्या वर्षात (एप्रिल ते मार्च) तीस दिवस काम केलेल्या आणि तुझ्यासारखा कमी पगार असलेल्या माणसाला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. तुझं डिसेंबर ते मार्च हे गेल्या वर्षात धरलं जाईल, म्हणजे या दिवाळीचे ढोबळ हिशेबाने साडेतीन हजारांच्या आसपास. नोकरी आधी सोडली म्हणून हा हक्क जात नाही. मुली म्हणतात तो पूर्ण पगार वर्षभर काम केलेल्यांचा असणार. तेव्हा अकरा हजार बुडतील या भीतीने थांबू नकोस, तेवढे तुला बहुधा मिळणारच नव्हते.

राजीनामा कागदावर दे. तारीख घाल, शेवटचा दिवस लिही, "थकीत पंधरा दिवसांचा पगार व बोनस" असे शब्द त्यात येऊ देत, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे. सही नाही दिली तर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून ठेव. नेमणूकपत्र मिळालं असेल तर नोटिशीचा कालावधी वाच. मूळ मार्कशीट त्यांच्याकडे असेल तर आधी ती परत घे, मग राजीनाम्याचा विषय काढ.

औसेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्कशीट माझ्याकडेच आहे. नेमणूकपत्र कधी दिलंच नव्हतं.

काल सीए सरांना फोन केला. अकरा आणि वीस तारखेच्या आधी साडेसात वाजतील, बाकी दिवस सहाला सुट्टी, परीक्षेला रजा देऊ, असं ते आपणहून म्हणाले. एक तारखेपासून हो म्हटलं. दिवाळीपर्यंत थांबत नाही. लायब्ररीतल्या मॅडमनी कमवा व शिकाचा फॉर्म सोमवारी भरायला सांगितलाय.

आईला रात्री सगळं सांगितलं. घरी पैसे येणार नाहीत म्हटल्यावर ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, भावाच्या क्लासचा पुढचा हप्ता डिसेंबरात आहे, तोवर सोयाबीन जाईल, तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस. मला तो घोर आहेच. बोनसचे पैसे हातात आले की ते तसेच त्याच्या क्लासला पाठवणार आहे.

पगारपत्रक दादा, राजीनाम्याचा मसुदा आज लिहून इथे टाकते, एकदा नजर घालाल का? आणि काकू, मावशींशी बोलले. त्यांचेही पंधरा दिवस कित्येक वर्षांपासून मालकांकडेच आहेत. माझा अर्ज झाला की स्वतःचाही लिहून घ्यायचाय म्हणाल्या, मीच लिहून देणार आहे.