मदत हवी आहे: मेंदूच्या एकाच बाजूला इजा असताना गिळणे का बिघडते?

मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका आल्यापासून वडिलांच्या तोंडाचा डावा कोपरा ओघळला आहे, परंतु कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी सातव्या जोडीच्या कपाळाकडील भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून संदेश मिळतात, हे त्याचे कारण मला समजले. मात्र घशाचे स्नायू हलवणाऱ्या नवव्या व दहाव्या जोडीलाही असेच दुहेरी संदेश मिळत असतील, तर चमचाभर पाण्यानेही त्यांना ठसका का लागतो आणि दाटसर पदार्थ मात्र सहज (निदान वरवर पाहता तरी) कसा उतरतो? गिळण्याचे व्यायाम तज्ज्ञांकडून सुरू आहेतच. जाणकारांनी कृपया यामागची यंत्रणा समजावून सांगावी.