मदत हवी आहे: ट्रँगल कारखान्याची आग आणि नंतरचे कायदे

नमस्कार मंडळी,
मे दिनाला आमच्या शिवणकाम वर्गातल्या बायकांपुढे न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट (म्हणजे बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या) कारखान्याबद्दल बोलायचं आहे. २५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायच्या सुमारास आठव्या मजल्यावर आग लागली. नवव्या मजल्यावरच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जीव गेले. बहुतेक मुली, रशियाकडून आलेल्या ज्यू आणि इटालियन घरांतल्या. सगळ्यात चीड येते ती याची, की १९०९ च्या संपात याच कारखान्याच्या मुली रस्त्यावर उतरल्या होत्या. क्लारा लेम्लिच या शिवणकामगार मुलीने यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, उभं राहून संपाचा ठराव मांडला तो तेव्हाच. पुढे मालक कोर्टात निर्दोष सुटले.

मला अडलंय ते पुढच्या भागात. १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पाठोपाठ कामगार कायदे झाले, इतकं माहीत आहे. पण कारखान्यांची तपासणी प्रत्यक्षात कशी चालायची? घराघरांत कंत्राटदारामार्फत नगावर होणाऱ्या शिलाईला ते कायदे लागू होते का? आमच्या बायका हाच प्रश्न आधी विचारणार, कारण त्या स्वतः नगावरच शिवतात.

कुणाकडे यावर मराठीत काही लिखाण असेल तर कृपया सांगा. न्यूयॉर्कला राहणाऱ्या कुणी त्या इमारतीवरच्या स्मारकाचा, जमल्यास नावं वाचता येतील असा, फोटो पाठवला तर फार उपकार होतील.