जुन्या मारुती ८००ला टर्बो लावायचाय? आधी कार्बोरेटर काढा

आंबाघाट (धागा सुरू करताना)

आमच्या घरी १९९७ची मारुती ८०० आहे, वडिलांनी नवी घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, मुळात कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र). ताकद कागदावरसुद्धा चाळीस अश्वशक्तीच्या आतच. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येताना साखरपा मागे पडलं की चौघे बसलेली गाडी आंबा घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

गाडी कार्बोरेटरवर होती तेव्हा दोन मित्र जुन्या बाजारातून डिझेल स्विफ्टचा टर्बो घेऊन आले. म्हणाले, "कार्बोरेटर तसाच राहू दे, चाळीस हजारांत बसवून देतो." मी नाही म्हटलं, आणि का ते इथे लिहितोय, कारण असे बेत बऱ्याच जणांच्या डोक्यात असतात.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो हवा वाढवतो, पेट्रोल नाही. ०.४ बार बूस्ट (हवेचा जादा दाब) म्हणजे ढोबळमानाने दीडपटीच्या जवळ हवा. तेवढं पेट्रोल त्याच क्षणी मिळालं नाही तर मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) सुरू होतं आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी मरतो. त्यात आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. साध्या पेट्रोलला एक किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवरची (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) गाडी टर्बो नसतानाच पातळ चालतेय. माझ्या प्लगचं पोर्सेलिन खडूसारखं पांढरं झालं होतं.

म्हणून मी वर्षभरापूर्वी फक्त इंजेक्शन केलं, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून फवारणं. नंतरच्या एमपीएफआय (कारखान्यातूनच इंजेक्शन असलेल्या) ८००चा मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर भंगारातून आणले, कंट्रोलला स्पीडुइनो घेतला (आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालतो, आराखडा आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं), आणि धुरावरून मिश्रण मोजणारा एक वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत. माझं मत ठाम आहे: हातात एवढेच पैसे असतील तर ते पेट्रोल मोजण्यावर घाला, हवा ढकलण्यावर नको.

जेट_११०

आंबाघाट, तुम्ही कार्बोरेटरला उगाच बदनाम करताय. रेनॉ ५ जीटी टर्बो १९८५ साली आली ती कार्बोरेटरवरच. १४०० सीसीच्या आत ११५ अश्वशक्ती. मासेराती बायटर्बो आणि लोटस एस्प्रिट टर्बोसुद्धा सुरुवातीला कार्बोरेटरवरच होत्या. लोकांनी या गाड्या रोज चालवल्या.

आणि ई२०ची दुसरी बाजू का नाही सांगत? त्याचा ऑक्टेन (नॉकिंगला टिकण्याचा आकडा) ९५ आहे. इथेनॉल आत वाफ होताना हवा थंड करतं. टर्बोला हेच तर हवं. मोठा जेट टाका, बूस्ट पाव बारवर बांधा, घाट तिसऱ्यात चढाल. गावाकडचा मिस्त्री कार्बोरेटर अर्ध्या तासात उघडतो. तुमचा आर्डुइनो मलकापुरात बंद पडला तर कोण उघडणार?

तीन_नंबर_सिलिंडर

जेटभाऊ, मी नेमकं हेच करून बसलोय, म्हणून लिहितो. २०१६ साली ८००, टर्बोनंतर कार्बोरेटर, म्हणजे बूस्टची हवा कार्बोरेटरमधून आत ढकलायची. तुम्ही सांगितलेल्या गाड्यांचे कार्बोरेटर त्यासाठीच बनवलेले होते. फ्लोट बाउलला (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीला) बूस्टची नळी, शाफ्टला सील, आणि पेट्रोलचं प्रेशर बूस्टबरोबर वाढवणारा रेग्युलेटर. आपल्या ८००चा मेकॅनिकल पंप पाव बारच्या आसपास देतो. बूस्टही पाव बार झाला की बाउलमध्ये पेट्रोल जाणार कुठून?

माझ्या गाडीत ते गेलं नाही. सपाट रस्त्यावर दोन महिने मजा आली. मग एका लांब चढावर आधी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, मग सायलेन्सरमधून निळा धूर. हेड काढलं तर तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटलेली. त्याच्या प्लगवर मोहरीपेक्षा बारीक चंदेरी ठिपके होते, वितळलेल्या ॲल्युमिनियमचे. मोठा जेटही टाकला होता. पण मोठा जेट म्हणजे बूस्ट नसताना काळा धूर, आणि बूस्ट आल्यावर तरीही कमी.

लेथवाला_उद्यमनगर

मी दोघांच्याही विरोधात आहे. सत्तर हजारांत इंजेक्शन करून ताकद किती वाढली? खरं सांगायचं तर जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा अल्टोचं बारा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आणायचं, वायरिंग आणि कंट्रोल युनिटसकट. ७९६ सीसीच, ४५च्या वर अश्वशक्ती, कारखान्यात ट्यून झालेलं. टर्बोची भानगडच नको.

दुसरं, टर्बोवाले ऑइलचं बोलतच नाहीत. ऑइल आत नेणं सोपं, प्रेशर स्विचजवळ टी लावली की झालं. परत येणारं ऑइल फेसाळ असतं आणि नुसत्या उतारावर खाली येतं. नळी जाड हवी, सरळ हवी, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर वेल्ड करायला हवी. माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा ती नळी बोटाएवढी आणि दोनदा वळवलेली असते. मग टर्बो धूर काढतो आणि मालक म्हणतो टर्बोच खराब निघाला.

आरसीबुक

इंजिन बदलायला निघालेल्यांनी आणि टर्बोवाल्यांनीही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. लेथवाले, इंजिन नंबर बदलला की आधी आरटीओची परवानगी. आणि अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी बॉनेट उघडते.

आंबाघाट

आरसीबुक, मान्य. इंजिन मूळचंच आहे, नंबर तोच, पीयूसी आधीपेक्षा चांगली येते. तरी टर्बोच्या आधी आरटीओत लेखी विचारणार.

लेथवाले, ताकद वाढली नाही हे बरोबर. पण सकाळी चोक ओढणं गेलं, ॲव्हरेज सुधारलं, आणि मुख्य म्हणजे आत काय चाललंय ते दिसायला लागलं. इंजिन कुठे फिरतंय ते स्पीडुइनोला कळावं म्हणून क्रँक पुलीवर ३६ वजा १ दात्यांची (एक दाता मुद्दाम गाळलेली) चकती बसवली होती, लेझरने कापून. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी मिसिंग करायची. पंधरा दिवस वायरिंग शोधत बसलो. शेवटी लॅपटॉपवरच्या नोंदीत दिसलं की दात्यांचा हिशेब तुटतोय. वेल्ड करताना चकती किंचित वाकडी झाली होती. तुमच्याच भागात लेथवर सरळ करून घेतली आणि मिसिंग गेलं. टर्बो लावलेला असता तर तीच चूक पिस्टन घेऊन गेली असती. थंड स्टार्टचं पेट्रोल बसवायला तर एक अख्खा हिवाळा गेला, कारण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं.

जेट_११०

ठीक. पण एक विचारतो. तुमचा स्पार्क कुणाच्या हातात आहे? लिहिलंत फक्त पेट्रोलबद्दल. टर्बोला टायमिंग मागे घ्यावं लागतं. पेट्रोल कितीही नेमकं मोजा, स्पार्क लवकर पडला तर नॉकिंग होणारच.

आंबाघाट

स्पार्क अजून जुन्या डिस्ट्रिब्युटरवरच (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागावर) आहे. माझ्या मांडणीतला हा कच्चा दुवा तुम्ही बरोबर पकडलात. चकती आहेच, त्यामुळे स्पार्कही स्पीडुइनोकडे देता येईल. टर्बोआधी ते करणारच.

आणखी एक गोष्ट घाटानेच शिकवली. टाकी पाव भरलेली असताना लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये तेवढ्यापुरता साठा असतो, इंजेक्शनला नसतो. त्या वळणावर माझं मिश्रण (एक किलो पेट्रोलला किती किलो हवा) दोन सेकंदांसाठी १३वरून १८वर गेलेलं नोंदीत आहे. म्हणून बॉनेटखाली आधी छोटी सर्ज टँक (पेट्रोलचा जादा साठा ठेवणारी टाकी) येईल, तीही तीन बारचं प्रेशर सोसणाऱ्या नळीवर. जुन्या रबरी पाइपवर तीन बार म्हणजे आग.

टर्बो सध्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

तीन_नंबर_सिलिंडर

त्या वळणाची नोंद इथे टाका. माझा पिस्टन अजून ठेवलाय, त्याचाही फोटो टाकतो.